उजवीकडून उघडणारी पुस्तके

भिवंडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात: माग आणि गोदामे. तिसरी आठवलीच, तर कल्याण नाक्यावरची वाहनांची रांग. अशा गावात बसून एक निवृत्त शिक्षिका जपानी आणि कोरियन कादंबऱ्या वाचते, आणि वर लेकीच्या कपाटातली जपानी चित्रपुस्तकेही सोडत नाही, असे कळले म्हणजे समोरचा माणूस आधी माझ्या चष्म्याकडे पाहतो आणि मग ह्यांच्याकडे. ह्यांना आता त्याची सवय झाली आहे. "पुस्तके काही लांबून येत नाहीत हो," ते शांतपणे सांगतात, "मानकोलीच्या गोदामातून येतात!" आणि त्यात खोटे काही नाही. तोक्योत किंवा सोलमध्ये जन्मलेले, पुढे कुणीतरी इंग्रजीत नेलेले पुस्तक शेवटी आमच्या गावाच्या वेशीवर येऊन मुक्काम करते, आणि तिथून कासार आळीतल्या आमच्या घरी पोचायला त्याला दोन दिवस लागतात.

मी ही पुस्तके इंग्रजीतून वाचते. शाळेत तीसेक वर्षे इंग्रजी शिकवले, तेव्हा त्या भाषेचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही. पण ह्याच पुस्तकांनी मला त्या भाषेच्या एका उणिवेची जाणीव करून दिली, आणि ती देखील अशा काळात, की जेव्हा घरात एका माणसाला मराठीवाचून दुसरे काही उमजत नव्हते. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आरंभ करते तो चित्रपुस्तकांपासून. जपानी लोक त्यांना मांगा म्हणतात. धाकटीने कॉलेजात असल्यापासून ती जमवली, आणि नोकरीसाठी ठाण्याला बिऱ्हाड केले तेव्हा दोन खण भरून पुस्तके आमच्या हवाली करून गेली. ह्यांनी त्यांतले एक उचलले, आपल्या रीतीप्रमाणे उघडले, आणि पाहतात तो समोर शेवटचे पान! त्यावर एक सूचनाही छापलेली, की आपण पुस्तक उलट्या बाजूने उघडले आहे, कृपया पलीकडून या. "पुस्तकाने वाचकाला दरडावण्याचा हा प्रकार मी प्रथमच पाहतो," असे म्हणून ह्यांनी ते जागच्या जागी ठेवले.

त्याच दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी दळणाचा डबा ठेवायला वर आली. ती तेव्हा आठवीत, उर्दू शाळेत होती. टेबलावरचे तेच पुस्तक तिने सहज हातात घेतले आणि कुणी न सांगता बरोबर उजवीकडून उघडले. "चाची, ही तर आमच्या किताबसारखी आहे," ती म्हणाली. मग चार पाने चाळून कोड्यात पडली, कारण चौकटी उजवीकडून डावीकडे जात होत्या आणि चौकटीतली इंग्रजी अक्षरे मात्र डावीकडून उजवीकडे. मला मोठी मौज वाटली. ही तर आमच्या भिवंडीचीच तऱ्हा! तीन बत्तीपासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत चालत गेले की दुकानांच्या पाट्या अर्ध्या डावीकडून वाचायच्या आणि अर्ध्या उजवीकडून. आमच्या गावच्या माणसाला ह्या पुस्तकांसाठी वेगळे शिक्षण घ्यायला नको.

ह्या उजव्या-डाव्यामागे एक गंमतीदार इतिहास आहे, तो लेकीने मला सांगितला. ही पुस्तके प्रथम इंग्रजीत येऊ लागली तेव्हा परदेशी वाचकाची गैरसोय नको म्हणून प्रकाशक पाने आरशात धरल्याप्रमाणे उलटी करून छापत. पुस्तक डावीकडून उघडू लागले खरे, पण त्यातले सारे सामुराई एका रात्रीत डावखुरे झाले! पुढे वाचकच म्हणू लागले, की आम्ही उजवीकडून वाचायला शिकू, पण चित्रे आहेत तशीच राहू द्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मग मूळची रीत रूढ झाली.

हे ऐकून मला आपल्याकडची जुनी रूपांतरे आठवली. देवलांनी 1890 साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तो झुंझारराव डोक्यावर घेतला. त्या काळाची ती गरज होती. परका माणूस घरात घ्यायचा तर त्याला आधी पागोटे बांधावे लागे. पण 'तोत्तोचान'सारखे पुस्तक पाहा. तेत्सुको कुरोयानागी ह्यांनी आपल्या तोक्योतल्या लहानपणच्या शाळेवर 1981 साली लिहिलेले हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी ह्यांनी त्याचे भाषांतर केले. त्यात तोत्तोची ठकी झालेली नाही आणि कोबायाशी गुरुजींचे कुलकर्णी गुरुजी झालेले नाहीत. नावामागचे ते 'चान' सुद्धा जागच्या जागी आहे. तरीही ज्या घरांत बाळ्या, सोनू आणि छकुली आहेत, त्या घरांना 'चान' म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी ती शाळा आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींनी माझ्याकडून नेऊन वाचली. 1945 च्या बॉंबहल्ल्यात ती जळाली, हे वाचून आलेली मुलगी पुस्तक परत करताना गप्प असे, यावरून कुणी शेवटपर्यंत वाचले ते मला ओळखता येई.

बॉंबहल्ल्याचा विषय निघाला म्हणून लेकीच्या खणातल्या आणखी एका पुस्तकाबद्दल सांगते. केइजी नाकाझावा नावाचा चित्रकार सहा वर्षांचा असताना हिरोशिमावर अणुबॉंब पडला. वडील, बहीण आणि भाऊ पडलेल्या घराखाली अडकून गेले. त्याच दिवशी आईला मुलगी झाली. ती देखील पुढे वाचली नाही. 1973 पासून त्याने हे सारे 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', ह्या नावाने चित्रांतून सांगायला घेतले, आणि ते देखील मुलांच्या साप्ताहिकात. त्यातल्या गेनचा बाप युद्धाच्या विरोधात बोलतो म्हणून शेजारीपाजारी त्या घराला वाळीत टाकतात. गहू तुडवला तरी पुन्हा उभा राहतो, तसे व्हा, असे तो मुलांना शिकवतो.

ते पुस्तक मी दोन बैठकांत संपवले आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. 1984 च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली, तेव्हा मी ह्या घरात नवी नवरी होते. त्या दिवसांविषयी आमच्या घरात मुलांपुढे कुणी बोलत नाही आणि खालच्या मजल्यावरही बोलत नाहीत. दोन्ही घरे एकमेकांना जपतात, म्हणून बोलत नाहीत. सणासुदीला ताटे खालीवर जातात, दळणाचे डबे जातात, आणि तो विषय मात्र जिन्यात तसाच उभा राहतो. गेनच्या लेखकाने असला विषय मुलांच्या हाती दिला, आणि मुले त्याने बिघडली नाहीत. हे वाचल्यावर मी खालच्या मुलीच्या आईला एकदा विचारले, की मुलीला हे पुस्तक देऊ का? ती म्हणाली, "आधी मला द्या." पुस्तक महिनाभर तिच्याकडे होते. परत देताना ती म्हणाली, "चित्रे पुरेशी होती. इंग्रजी लागले नाही."

आता घरातली गोष्ट.

आमच्या मामंजींचे कामतघरात बारा माग होते. मुंबईच्या गिरण्यांचा 1982 चा संप झाला आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तसतसे भिवंडीतले माग वाढत गेले. त्या लाटेत चारांचे बारा झाले. पुढे सुताचे भाव, विजेचे बिल आणि मागणी ह्यांचा मेळ बसेना. 2016 साली ते बारा माग वजनावर, भंगारात गेले. मामंजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण रात्री दोन वाजता उठून बसले आणि विचारू लागले, "लाइट गेली का? माग का थांबले?" साठ वर्षे ज्या माणसाला खटखटाटात झोप लागली, त्याला शांततेने जाग येऊ लागली होती. तिथून पुढे एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. आधी तारखा सुटल्या, मग नातेवाईक, मग घरचा रस्ता. शेवटी सख्ख्या मुलाला ते "आपण कोण?" म्हणून अदबीने विचारू लागले. मला मात्र ते ओळखत. सून म्हणून नव्हे, तर कारखान्यात कांड्या भरणारी बाई म्हणून! "काय गं, आज किती कांड्या झाल्या?" असे विचारत. मी एखादा आकडा सांगे. आकडा पसंत पडला तर मान हलवत, नाही तर "हात चालव" म्हणत.

ह्याच दिवसांत सावाको आरियोशी ह्या जपानी लेखिकेची एक कादंबरी माझ्या हाती आली. मूळ 1972 सालची. इंग्रजीत तिचे नाव 'द ट्वायलाइट इयर्स' असे आहे. अकिको नावाची, वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी एक बाई. सासू अचानक जाते आणि सासऱ्यांची स्मृती गेलेली आहे, हे तेव्हा घरच्यांच्या ध्यानात येते. म्हातारा स्वतःच्या मुलाला घरात घुसलेला चोर समजतो आणि जिला त्याने आयुष्यभर टोचून बोलून हैराण केले, त्या सुनेला मात्र ओळखतो. जेवण झाले तरी भूक लागली म्हणतो, डोळा चुकवून रस्त्यावर निघून जातो, रात्री उठवतो. नवरा बापाच्या जागी उद्याचा स्वतःला पाहतो आणि घाबरून दूर दूर राहतो. सारे पडते ते सुनेवर.

वाचकहो, मी काही फार हळवी बाई नाही. पण त्या पुस्तकाची पहिली पन्नास पाने वाचून मी दार लावून घेतले आणि रडले. दुःखाने नव्हे, कुणीतरी पाहिले आहे, ह्या समाधानाने. आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या सेवेविषयी बोलायचे तर एक तर पुण्य म्हणून बोलतात, नाही तर कटकट म्हणून. आरियोशीबाई दोन्ही म्हणत नाहीत. त्या फक्त सांगतात, की चादर दिवसातून किती वेळा बदलावी लागली, नोकरीवर रजा कशी मागितली, शेजारीण काय म्हणाली, आणि मध्येच म्हातारा एखाद्या फुलाकडे पाहून कसा हसला. जपानात त्या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि म्हातारपणाची काळजी कुणी घ्यायची, ही घराच्या चार भिंतींतली गोष्ट चव्हाट्यावर आली. एका घरच्या सुनेची हकीकत साऱ्या देशाची हकीकत ठरली. मला एवढेच पुरे झाले, की कासार आळीत रात्री दोनला उठणारी मी एकटी नव्हते.

दुसरे पुस्तक कोरियाचे. क्युंग-सुक शिन ह्या लेखिकेचे, 2008 सालचे. 'आईकडे लक्ष ठेवा' अशा अर्थाचे त्याचे नाव. खेड्यातली म्हातारी आई सोलमध्ये मुलांकडे येते. स्टेशनावरच्या गर्दीत नवरा सवयीप्रमाणे पुढे चालतो, गाडीत चढतो, आणि मागे वळून पाहतो तो बायको नाही! मग सारी मुले शोध घेऊ लागतात, आणि शोधता शोधता एकेकाच्या लक्षात येते, की आपल्याला आई फारशी माहीतच नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, हे देखील लेखिका झालेल्या मुलीला उशिराच कळलेले असते. त्यात एक गोष्ट अशी आहे, की स्वयंपाकघराचा अगदी वीट आला म्हणजे ही आई मागच्या अंगणात जाऊन एखाद्या बरणीचे झाकण उचलते आणि भिंतीवर आपटून फोडते. हे मी माझ्या जाऊबाईंना सांगितले. त्या पापड लाटत होत्या. लाटणे थांबवून म्हणाल्या, "चांगली बाई. मी नुसती भांडी आपटते." कोरियातल्या बायका थंडीच्या तोंडावर एकत्र जमून किमचीच्या बरण्या भरतात, 2013 साली युनेस्कोने त्या रिवाजाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्या बायकांनी उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडयांची दखल अजून कुणी घेतलेली नाही, पण त्या गच्चीवरच्या गप्पा आणि ह्या बरण्यांभोवतालच्या गप्पा एकाच जातीच्या असणार, यात मला शंका नाही.

ह्याच पुस्तकात मला इंग्रजीची ती उणीव नेमकी सापडली. कादंबरीचा काही भाग समोरच्या माणसाला उद्देशून सांगितलेला आहे. मुलीचा भाग आहे तिथे 'यू', आणि पुढे म्हाताऱ्या बापाचा भाग आहे तिथेही 'यू'. जाऊबाईंना गोष्ट मराठीत सांगताना माझी जीभ अडली. मुलीला 'तू' म्हणायचे हे उघड होते. पण बापाला? मी 'तुम्ही' म्हणाले, आणि त्या एका शब्दासरशी साऱ्या प्रकरणाचा रंग बदलला. बायकोला मागे टाकून पुढे चालणाऱ्या माणसाला 'तुम्ही' म्हणून विचारायचे, यातला राग आणि अदब ही दोन्ही एकाच ताटात वाढलेली असतात, हे आपल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

जपानी आणि कोरियन ह्या दोन्ही भाषांत आपल्यासारख्याच मानाच्या पायऱ्या आहेत. थोरल्या बहिणीला एक शब्द, धाकटीला दुसरा. कोरियनमध्ये तर भावाने थोरल्या बहिणीला हाक मारायचा शब्द वेगळा आणि बहिणीने मारायचा वेगळा. आपल्याकडे ताई, वन्सं, जाऊबाई, भावोजी, मामंजी आहेत. ह्या साऱ्या नात्यांची पुस्तके जेव्हा इंग्रजीच्या चाळणीतून येतात, तेव्हा 'सिस्टर' आणि 'ब्रदर' तेवढी वर राहतात आणि बाकीचे पीठ खाली सांडते. आणि मजा अशी, की जे सांडते नेमके तेच त्यांच्या आणि आपल्या घरांत सारखे असते. इंग्रजीने आपल्याला शेजाऱ्याचे घर दाखवले, यात वाद नाही. पण दाखवले ते खिडकीतून, आणि खिडकीतून माणसे दिसतात, त्यांच्या हाका ऐकू येत नाहीत.

निवृत्त झाले आणि दुपारचा वेळ मामंजींजवळ बसण्यात जाऊ लागला. दूरदर्शनसंच त्यांना सोसेना; त्यातली माणसे घरात शिरली आहेत असे त्यांना वाटे. तेव्हा मी वाचून दाखवू लागले. 'तोत्तोचान' दोनदा झाले. आगगाडीच्या डब्यातली शाळा त्यांना दर दुपारी नवीन वाटे आणि दर दुपारी ते विचारीत, "गाडी सुटली तर पोरे कुठे जातील?" मराठी पुस्तके संपली, तसे मी हातातले इंग्रजी पुस्तक समोर धरून तोंडाने मराठीत सांगू लागले. त्यात एके दिवशी कावाबाता आले.

यासुनारी कावाबाता म्हणजे 1968 साली नोबेल पारितोषिक मिळवणारे जपानचे पहिले साहित्यिक. त्यांची 'हिमप्रदेश' ह्या अर्थाची कादंबरी जगभर गाजली आहे. गोष्ट एका रिकामटेकड्या श्रीमंत माणसाची आणि डोंगरातल्या एका गेइशाची आहे. ती मी मामंजींना कशाला सांगू? पण त्यात शेवटाकडे काही पाने विणकामाची आहेत. बर्फात सहा महिने गाडल्या गेलेल्या त्या प्रदेशात पूर्वी मुली हिवाळाभर चिजिमी नावाचे तलम कापड विणीत. सूत बर्फात कातायचे, बर्फात विणायचे, बर्फात धुवायचे आणि बर्फावरच पसरून पांढरे करायचे. भर उन्हाळ्यात अंगावर गार लागणारे ते कापड. 2009 साली युनेस्कोने ह्या कापडाच्या कलेलाही वारशाचा मान दिला.

मी सांगत होते आणि मामंजी खिडकीकडे पाहत होते. ऐकताहेत की नाही, कळत नव्हते. मध्येच म्हणाले, "सूत कशाचे?" मी दचकले. म्हटले, कापसाचे नव्हे. आपल्या अंबाडीसारखे एक झाड असते, त्याच्या सालीचे. "बारीक?" केसाहूनही बारीक, मी म्हटले. मामंजींनी मान हलवली. "मग थंडीतच विणणार," ते म्हणाले. "बारीक सुताला ओल लागते. कोरड्या हवेत तार तुटते. उन्हाळ्यात आपण जमिनीवर पाणी मारतो ते कशाला?"

मी पुस्तकात पाहिले. पुढचे वाक्य तेच होते. बर्फाच्या ओलाव्यावाचून इतके बारीक सूत हाताळता येत नाही, म्हणून अंधारा, थंड काळच विणायला उत्तम, अशा अर्थाचे.

मुलाचे नाव विसरलेला, घरचा रस्ता विसरलेला, मला कांडीवाली समजणारा तो माणूस जपानच्या महाकादंबरीकाराच्या एक वाक्य पुढे होता! कावाबातांना ते जुन्या ग्रंथातून शोधावे लागले होते. आमच्या मामंजींच्या ते बोटांत होते. मी पुस्तक खाली ठेवले आणि विचारले, "मामंजी, खळ किती लावायची?" आणि मग पाऊण तास ते बोलत राहिले. खळ, भीम, वही, फणी, धोटा, तार कुठे तुटते आणि पोरगा झोपला असला तर कापडावर ते कसे दिसते. एकही शब्द चुकला नाही, एकाही शब्दापाशी ते अडले नाहीत. हे ठाण्याहून घरी आले तेव्हा बाप बोलतो आहे आणि बायको वहीत लिहून घेते आहे, असा देखावा होता. हे दारातच उभे राहिले. मामंजींनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "या, बसा. तुम्ही मागवाले का?" हे म्हणाले, "हो, आमचेही बारा माग होते." आणि बापाशेजारी बसले. कित्येक महिन्यांनी दोघे बापलेक तासभर बोलले. बाप मुलाशी नव्हे, पण मागवाला मागवाल्याशी.

ही किमया कावाबातांची, की मराठीची, ते मला ठरवता येत नाही. एवढे खरे, की तीच पाने मी इंग्रजीत वाचून दाखवली असती तर मामंजी खिडकीबाहेर पाहत राहिले असते. मूळचे विणकामाचे शब्द जपानीतून निघून इंग्रजीत आले होते, आणि तिथे ते पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. 'सूत', 'तार', 'ओल' असे म्हटल्याबरोबर ते आपल्या घरी आले. 2022 च्या पावसाळ्यात मामंजी गेले. ती वही माझ्याकडे आहे.

पुण्यामुंबईत जपानी शिकलेली माणसे आज पुष्कळ आहेत. कोरियन गाणी आणि मालिकांच्या नादाने ती भाषा शिकणारी मुलेही घरोघर दिसतात. हायकू शिरीष पै ह्यांनी मराठीत आणली, रुजवली, आणि आज शाळेतली मुलगीही तीन ओळींची कविता करते. कवितेच्या बाबतीत जे झाले ते कादंबरीच्या बाबतीत का होऊ नये? ज्यांना त्या भाषा येतात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की नोकरीधंद्यासाठी त्यांचा उपयोग खुशाल करा, पण वर्षाकाठी एखादे पुस्तक सरळ तिकडून इकडे आणा. मध्ये इंग्रजीच्या धर्मशाळेत मुक्काम नको. 'आरशातली' भाषांतरेही नकोत. अकिकोची अलका करू नका. ती अकिकोच राहू दे. तिने सासऱ्यांना मारलेली हाक तेवढी आम्हाला नीट ऐकू येऊ दे.

तोवर मी माझ्यापुरती सोय करून घेतली आहे. माझ्या प्रतींच्या समासात मी पेन्सिलीने शब्द लिहून ठेवते: इथे 'वन्सं', इथे 'अहो', इथे 'तुम्ही' पण रागाने. परवा लेक आली होती, तिने त्यातले आरियोशींचे पुस्तक नेले. रात्री तिचा फोन आला. "आई," ती म्हणाली, "मी छापलेले सोडून समासातलेच वाचते आहे."